बोलकं वारूळ

"तुमचा विश्वास बसणार नाही," उस्ताद म्हणाले, "पण या वारुळाला काहीही विचारा, राणी उत्तर देते. काल रंगाऱ्याने विचारलं, माझी किल्ली कुठे हरवली? राणी म्हणाली, दुसरा खिसा बघ. बघितला, तर किल्ली!"

विश्वास कुणाचाच बसला नाही, पण मागे फिरायला जागा नव्हती. पुढे उस्ताद रांगत होते, त्यांच्यामागे संचालकबाई, त्यांच्यामागे विश्वस्त, आणि सगळ्यांत मागे, ज्यांना कुणी बोलावलं हे कुणालाच ठाऊक नसतं असे पाहुणे. बोगदा उस्तादांनी मुद्दामच शाळकरी पोराच्या मापाचा ठेवला होता. "वाळवी बघायची नसते, व्हायची असते," असं त्यांचं म्हणणं. "आणि वाळवी व्हायचं तर आधी मान खाली घालायला लागते. मोठ्या माणसांना नेमकं तेवढंच जमत नाही."

निसर्गेतिहासाच्या त्या संग्रहालयात तोवर सगळं काचेमागे होतं. वाघ काचेमागे, गरुड काचेमागे, टाचणीने टोचलेली फुलपाखरं काचेमागे. मुलं काचेला नाक लावायची, नाकाचा डाग ठेवायची आणि घरी जायची. उस्ताद तिथे जनावरांत पेंढा भरायला म्हणून लागले आणि होता होता दालनं रचणारे झाले. हाताइतकंच त्यांचं तोंडही चालायचं. हत्तीचा सांगाडा जोडताना म्हणे एक हाड उरलं, त्याची त्यांनी छत्रीला मूठ केली, आणि तेव्हापासून ती छत्री नदी दिसली की अंघोळीला ओढ घ्यायची. ही हकिकत त्यांनी कार्यशाळेत सांगितली, उपाहारगृहात सांगितली, आणि घरी बायकोला तर लग्न झाल्यापासून रोज अशी एक सांगितली. बायको ऐकून "हं" म्हणायची. कधी भाजी निवडता निवडता, कधी सुईत दोरा ओवता ओवता. तिने कधी "काहीतरीच काय" म्हटलं नाही, की "खरंच?" म्हणून विचारलं नाही. नुसतं "हं". उस्तादांना तेवढं पुरायचं. त्या एका हुंकाराच्या खुंटीला त्यांनी उभा जन्म टांगला होता.

वारूळ मात्र त्यांची सगळ्यांत मोठी थाप होती, आणि ती त्यांनी लोखंडी जाळीवर माती लिंपून खरी केली होती. आत काळोख, कारण कामकरी वाळवी आंधळी असते; भिंत चाचपतच पुढे सरकायचं. भिंतीवर टकटक केली की अख्ख्या वारुळातून टकटक उलटून यायची, कारण धोका आला की शिपाई वाळवी डोकं आपटून बाकीच्यांना कळवते. खालून ओल्या मातीच्या वासाचा ऊबदार वारा. आणि मधोमध राणीचा महाल. महालात छोट्या मोटारीएवढं पांढरट रबरी पोट, आतल्या भात्याने सावकाश वर जाणारं, सावकाश खाली येणारं. पोटाशेजारी मुठीएवढं भोक. तो राणीचा कान. कानात प्रश्न विचारला की मागच्या बाजूचं यंत्र त्यातले शब्द ओळखणार आणि भरून ठेवलेल्या उत्तरांतलं एक वाजवणार. उत्तरं राणीच्या आवाजात, म्हणजे नाक चिमटीत धरलेल्या उस्तादांच्या.

संचालकबाई कानापाशी पोचल्या. त्यांनी तोंड उघडण्याआधीच राणी म्हणाली, "नीट विचारा, बाळांनो."

"मी अजून विचारलंच नाहीये."

"नीट विचारा, बाळांनो. मी दिवसाला हजारो अंडी घालते. नीट विचारा, बाळांनो. नीट विचारा, बाळांनो."

अंधारात कुणीतरी फिसकन हसलं. काय झालंय ते उस्तादांना तिथल्या तिथे कळलं. भाता आणि कान त्यांनी शेजारी शेजारी बसवले होते. पोट श्वास सोडत होतं आणि कानाला तो प्रश्न वाटत होता. राणी आपल्याच श्वासाला उत्तरं देत बसली होती! आराखड्यात भाता मुका असतो, ही अक्कल यायला उद्घाटन उजाडावं लागलं.

"तापलंय जरा," असं पुटपुटत उस्ताद पोटाच्या बाजूच्या फटीतून मागे घुसले.

मागे एक खोली होती. कपाट म्हणावं तर मोठी, खोली म्हणावं तर लाज वाटावी एवढी. तिच्यात यंत्र, आवाज तपासायचा माइक, एक स्टूल, आणि स्टुलावर घरून आणलेली उशी टाकून बसलेली उस्तादांची बायको. संग्रहालयात सगळे तिला वहिनी म्हणत. वहिनींना गर्दी सोसत नसे, भाषणं तर त्याहून नाही, म्हणून "तू इथे बस, सगळं ऐकू येईल" म्हणत उस्तादांनीच त्यांना सकाळी तिथे बसवलं होतं. "हुश्श" करून त्या बसल्या होत्या, त्या बसल्याच होत्या.

उस्तादांनी यंत्राची तार ओढून काढली. राणी गप्प झाली. पलीकडून संचालकबाईंचा आवाज आला, "राणीसाहेब? बऱ्या आहात ना?"

उस्तादांनी माइक ओढला, नाक चिमटीत धरलं, आणि रांगण्याने म्हणा, धसक्याने म्हणा, त्यांना असा खोकला लागला की डोळे बाहेर यायची वेळ आली. वहिनींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग माइककडे वाकून त्या म्हणाल्या, "बसून बसून अंग आंबलंय हो. तुम्ही कशा आहात?"

मग संचालकबाई म्हणाल्या, "मी... बरी आहे. गुडघे दुखतायत जरा."

"दुखणारच. रांगायची सवय मोडली ना. शेवटचं कधी रांगला होतात?"

आणि संचालकबाईंनी सांगितलं! ज्यांनी आजवर कुणाला "बसा" म्हटलेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, त्या बाईंनी एका रबरी वाळवीला, विश्वस्तांच्या देखत सांगितलं की लहानपणी त्या टेबलाखाली लपून वडील कामावरून यायची वाट बघायच्या, तेव्हा. वडील मुद्दाम टेबलाला चारदा फेऱ्या घालायचे म्हणे.

टाळ्या पडल्या. पडल्या त्या उस्तादांच्या यंत्राला. बाहेर आल्यावर विश्वस्तांनी त्यांचा हात हातात घेऊन हलवला. "काय यंत्र आहे हो! माणसासारखं बोलतं."

"माणसाहून बरं," उस्ताद खोकला दाबत म्हणाले. "दमत नाही."

खरं काय ते तिघांनाच ठाऊक. उस्ताद, वहिनी, आणि वायरमन. वायरमनपासून लपवणार कसं? यंत्राची तार काढलेली त्यालाच दिसली होती.

"दोन दिवस ये," उस्ताद बायकोला म्हणाले. "तेवढ्यात भाता हलवतो."

भाता हलवायचा तर पोट फोडायला हवं होतं, आणि पोट फोडायचं तर का फोडतोय ते सांगायला हवं होतं. दोन दिवसांचे आठवडे झाले. वहिनी सकाळी उशी काखेत मारून मागच्या दाराने येत, "हुश्श" करून बसत आणि संध्याकाळी उशी घेऊन जात.

आणि पुढे रांग लागली. रांग अशी लागली की शेवटच्या मुलाचा नंबर येईपर्यंत त्याची इयत्ता बदलावी. मुलं वाघाकडे ढुंकून न बघता धावत वारुळात शिरायची. काय होतं त्या राणीत? उस्तादांनी बोगद्याच्या एका वळणावर बसून कान देऊन ऐकलं. वाळवीचं म्हणाल तर वहिनींना फारसं काही येत नव्हतं. जे येत नसे तिथे त्या सरळ म्हणत, "मला नाही बाई माहीत. तुला काय वाटतं?" मग मुलाला जे वाटे ते मूल सांगत बसे. कुणी पंखांबद्दल सांगे, कुणी घरातल्या भांडणाबद्दल. जाताना मुलं त्या पोटाला मिठी मारत.

ते पोट उस्तादांनी ओतलं होतं. त्याची त्वचा अशी गार-कोमट लागावी म्हणून त्यांनी रबराचे किती थर वाया घालवले होते! आणि मिठी कुणाला? मुंगीने वारूळ करावं आणि नागाने येऊन राहावं म्हणतात, ते उस्तादांनी आजवर नुसतं ऐकलं होतं. आता तो नाग रोज सकाळी उशी घेऊन त्यांच्याच घरातून निघत होता.

एकदा एका मुलीला त्यांनी वळणावर अडवलं. "बाळ, इकडे बघ, या भोकातून ऊबदार वारा येतो ना? ही हवा गरम होते, वर जाते..."

"काका, सरका ना," मुलगी म्हणाली, "राणीला बरं नव्हतं काल. विचारायचंय."

उस्ताद सरकले. पण पोटात जे पेटलं ते पेटलं.

घरीही आक्रीतच झालं. संध्याकाळी ताट वाढता वाढता वहिनी बोलायला लागल्या. "अहो, आज एक मुलगा म्हणाला, माझ्या बहिणीला पण तुमच्यासारखं कुणी उठूच देत नाही..." आज हा असं म्हणाला, ती तसं म्हणाली. उस्ताद घास हातात धरून बसून राहत. आपली आजची थाप घालायला त्यांना फटच सापडेना. एकदा वहिनींनी सांगायचं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपण आत्ताच काहीतरी म्हणालो.

आपण "हं" म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी उस्ताद टोपी डोळ्यांवर ओढून मुलांच्या रांगेत उभे राहिले. लोक यंत्राची वाहवा करतात, ठीक आहे. पण जिला सगळं ठाऊक आहे तिच्या तोंडून एकदा ऐकावं, एवढीच त्यांची भूक होती. कानापाशी पोचल्यावर त्यांनी आवाज घोगरा केला. "राणीसाहेब, एवढं सुंदर वारूळ बांधलं तरी कुणी?"

"कामकऱ्यांनी," राणी म्हणाली. "आंधळे असतात बिचारे. पण काम चोख."

मुलं हसली. मागून दोन वेण्यांची एक मुलगी उस्तादांच्या खांद्यावरून पुढे सरकली. तिने कानात तोंड घातलं. "राणी, तुला राजा आहे?"

"आहे की. इथेच असतो, माझ्याजवळ. वाळवीचा राजा राणीला सोडून जात नाही कुठे."

"मग तो काय करतो?"

"बोलतो. मी वाघाशी कुस्ती खेळलो, मी हत्तीचं हाड छत्रीला लावलं. मी हं म्हणते."

"थापा मारतो!" मुलगी ओरडली.

अख्खा महाल हसला. भिंतीवर कुणी हात आपटले, टकटक उलटून आली, शिपाई डोकी आपटायला लागले, आणि वरच्या बोगद्यातून खालच्या बोगद्यापर्यंत सगळं वारूळ उस्तादांना हसायला लागलं.

"मग तू त्याला सांगत का नाहीस, खोटं आहे म्हणून?" मुलीने विचारलं.

"सांगितलं तर गोष्ट थांबेल ना गं," राणी म्हणाली.

हे शेवटचं वाक्य उस्तादांच्या कानावर पडलं, पण आत शिरलं नाही. आतली जागा हसण्याने आधीच भरली होती.

त्या संध्याकाळी ते मागच्या खोलीत आले तेव्हा वहिनी उशी झटकत होत्या. चेहरा दमलेला, पण तुकतुकीत. तो तुकतुकीतपणा उस्तादांना झोंबला.

"यंत्र दुरुस्त झालं," ते म्हणाले.

"कधी?"

"आज. वायरमनने आणि मी मिळून. भाता थोडा हलवला. आता यंत्रच बोलेल. उद्यापासून यायला नको तू. गुडघे धरतायत तुझे."

वहिनींनी राणीच्या पोटाच्या मागच्या बाजूकडे पाहिलं. तिथलं रबर जसंच्या तसं होतं, ना कापलेलं, ना जोडलेलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या, आणि उशी काखेत घेऊन निघाल्या.

दुसऱ्या दिवसापासून स्टुलावर उस्ताद बसले. उशीवाचून ते स्टूल भलतंच टणक होतं. इतके दिवस त्यावर बसणारीला ते कळलं असेल की नाही, हा विचार त्यांनी येऊ दिला नाही. आता कळेल लोकांना राणी म्हणजे काय ते! नाक चिमटीत धरून त्यांनी सुरुवात केली.

एका मुलाने विचारलं, "तू बाहेर का येत नाहीस?"

"बाहेर? बाळ, एकदा आले होते. माझं पोट रस्त्यात असं अडकलं की वाहनांची रांग समुद्रापर्यंत गेली. शेवटी एका देवमाशाने शिटी वाजवून..."

"पण मी म्हणत होतो की माझी आजी पण..."

"मधे बोलू नये. तर देवमासा म्हणाला..."

पहिल्या दिवशी मुलं हसली. दुसऱ्या दिवशी मोठी माणसं हसली. तिसऱ्या दिवशी दोन वेण्यांच्या मुलीने कानात तोंड घातलं, थोडा वेळ ऐकलं आणि मैत्रिणीला म्हणाली, "चल, वाघ बघू." रांग आटत आटत तिकीट खिडकीपासून वारुळाच्या तोंडाशी आली, मग तीही राहिली नाही. पोटाला मिठी मारायला एक रांगतं मूल तेवढं आलं, तेही घसरून पडलं म्हणून.

वायरमनने खोलीत डोकं घातलं. "उस्ताद, यंत्र परत बिघडलं काय हो?"

"काय झालं?"

"फार बोलतंय."

"तू तुझ्या तारा बघ."

"तारा बघायलाच आलोय. ऐकायची तार तुटली असंल."

संचालकबाई स्वतः रांगत आल्या एकदा. "राणीसाहेब, कशा आहात?" त्यांनी विचारलं, आणि उस्तादांनी त्यांना देवमाशाची गोष्ट सांगितली. पुरी ऐकून त्या निघून गेल्या. गुडघ्यांबद्दल काही बोलल्या नाहीत.

घरी सगळं जागच्या जागी होतं. ताट वेळेवर, कपडे धुतलेले, विचारलेल्याला उत्तर. फक्त उस्तादांनी हकिकत सुरू केली, "विश्वास बसणार नाही तुझा, आज यंत्र काय बोललं..." की पुढे नुसती शांतता. वहिनी भाजी निवडत, दोरा ओवत, आणि हुंकार देत नसत. खुंटी काढून घेतल्यावर भिंतीवर टांगलेला कोट जसा खाली येतो तशी उस्तादांची गोष्ट अर्ध्यातच खाली यायची. तसं त्या काही बोलल्या नाहीत. यंत्र दुरुस्त झालेल्या माणसाचा घसा रोज बसतोच कसा, हेही त्यांनी विचारलं नाही. मिठाचं कोमट पाणी तेवढं न मागता समोर ठेवत. उस्ताद गुळण्या करत आणि ऐकू यायला नको इतकं स्वच्छ त्यांना ऐकू येई की घरात कुणी "हं" म्हणत नाहीये.

मग एक दुपार आली. वारुळात तीनचार पोरं टकटक करत उगीच फिरत होती. उस्ताद स्टुलावर बसले होते, डबा तसाच बाजूला, कमरेला रग लागलेली. राणीच्या कानातून, बोगद्यात कुणीतरी जड, सावकाश रांगत येत असल्याचा आवाज आला. मधेच थांबायचा, परत सुरू व्हायचा.

"आजी, इथे बसा, इथे मऊ आहे," एक पोर म्हणालं.

"हुश्श," असं झालं. काहीतरी मऊ खाली टाकल्याचा, त्यावर टेकल्याचा आवाज झाला. उस्ताद सरळ होऊन बसले.

"राणीसाहेब," वहिनींचा आवाज कानातून आला, "आवाज बसलाय वाटतं."

उस्तादांनी घाईने नाक चिमटीत धरलं. "सर्दी झाली आहे."

"बरं. एक विचारायचं होतं. तुमचा राजा कसा आहे?"

उस्तादांनी माइककडे पाहिलं, त्याच्या खटक्याकडे पाहिलं. खटका पाडला की झालं, यंत्र बिघडलं म्हणता आलं असतं. पण त्यांचा हात हलला नाही.

"मजेत आहे," ते म्हणाले.

"जेवतो ना?"

"जेवतो? परवा अख्खं झाड खाल्लं. वर दाराची चौकट मागितली, लोणच्यासारखी तोंडी लावायला."

पोरं खिदळली. आणि पलीकडून आलं, "हं."

उस्तादांची चिमूट आपोआप सुटली. किती दिवसांनी! त्यांना आता थांबवणं वाळवीच्या सबंध फौजेलाही जमलं नसतं. ते आपल्याच घोगऱ्या आवाजात बोलायला लागले. "आणि काम तर विचारू नका. गर्दी हटता हटत नाही. रांग दुसऱ्या गावापर्यंत गेली, तिकडच्यांनी तिथेच दुसरं वारूळ बांधायला घेतलंय."

"हं."

"मुलं मिठी सोडत नाहीत. काल एकाला फावड्याने सोडवावं लागलं."

"हं."

"एकटा सगळं बघतो. उत्तरं तोच देतो, भाता तोच बघतो. मऊ उशी नको, काही नको. त्याला कुणाची गरजच लागत नाही." उस्ताद थांबले. पुढचं वाक्य आपण होऊन बाहेर आलं, आणि ते आल्यावर मागे घ्यायला जागा नव्हती. "कुणाची आठवणसुद्धा येत नाही त्याला."

ते हुंकाराची वाट बघत बसले. रबरी पोट वर गेलं, खाली आलं. पोट पुन्हा वर गेलं.

"खोटं," वहिनी मोठ्याने म्हणाल्या.